‘कोल्हापुरी’ हे नाव राखायचं असेल तर: जीआयच्या अर्जाआधी आणि अर्जानंतर

प्रश्न थोडक्यात असा: प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, आपण आठ-पंधरा दिवस रागावलो आणि मग विसरलो. जागतिकीकरणाच्या काळात देशाची सांस्कृतिक ओळख बळकट करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आणि आमच्या तालुक्यात एक परंपरागत वस्तू करणारी साठेक घरं उरली आहेत, त्यांच्यासाठी जीआय (भौगोलिक मानांकन) घ्यावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की पहिल्याचं बरंचसं आपोआप मिळतं. उदाहरण कोल्हापुरीचंच घेऊ, कारण जीआय काय करू शकतो आणि काय नाही, ते त्या एका प्रकरणात लख्ख दिसलं.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. सगळा घोळ इथेच होतो. 1999 चा कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळालं, तेही दोन राज्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नोंदणी आहे महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाच्या नावावर. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली, तर तो कायद्याचा भंग. पण मिलानच्या मंचावर ती नुसती ‘चामड्याची सँडल’ होती. नावच वापरलं नाही तर नावाचा गैरवापर कुठला? श्रेय न देणं नैतिकदृष्ट्या कितीही खटकलं, तरी आपल्या कायद्याच्या चौकटीत ती ब्रँडसाठी सोयीची जागा आहे. श्रेय देऊन नाव लावलं असतं, तर उलट ‘ही कुठे बनवली?’ हा प्रश्न कायद्याने विचारता आला असता.

आकाराचं संरक्षण मागायला गेलात तर डिझाइन कायदा, 2000 आड येतो. तिथे डिझाइन नवं लागतं, आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं. पिढ्यान्‌पिढ्या पायात असलेली चप्पल नवी कशी ठरणार? याची दुसरी बाजू मात्र आपल्या फायद्याची आहे: तोच आकार बाहेरच्या कंपनीलाही ‘आमचं नवं डिझाइन’ म्हणून नोंदवता येऊ नये. त्यासाठी तो आधीपासून अस्तित्वात असल्याचा तारीख घातलेला, सर्वांना पाहता येईल असा पुरावा हवा. हळदीचं अमेरिकन पेटंट 1997 मध्ये रद्द झालं ते याच वाटेने. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख समोर ठेवले, घोषणा नाही दिल्या. कारागिरीचं दस्तऐवजीकरण भावनेपोटी करायचं काम नाही, ते कोर्टात ठेवायचं साधन आहे.

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. याचिकाकर्ते कोल्हापुरीचे नोंदणीकृत मालक नव्हते, आणि दाद मागायची तर मालकांनी मागावी, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला आणि मर्यादित संख्येत चपला इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचं ठरवलं. म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची कुणाला मिळाली? नोंदणी ज्यांच्या नावावर होती त्यांना. तुमच्या साठ घरांनी यातून एकच गोष्ट उचलावी: अर्जदार कोण असावा हा प्रश्न शेवटचा नाही, पहिला आहे.

उत्पादकांची संघटना, संस्था किंवा कायद्याने स्थापन झालेलं प्राधिकरण अर्ज करू शकतं, एकटा माणूस नाही. सरकारी महामंडळ अर्जदार असलं की खर्चाची आणि कागदपत्रांची चिंता मिटते, पण बाजारात नक्कल दिसली तरी फाइल हलायला वेळ लागतो. कारागिरांची स्वतःची संस्था असली तर धावपळ लवकर होते, पण तीन वर्षांनी ऑडिट थकलेलं, सचिव पुण्याला गेलेला आणि शिक्का कुणाच्या तरी कपाटात, अशी गत होते. व्यवहारात बरं चालतं ते असं: अर्जदार कारागिरांची नोंदणीकृत संस्था, आणि तपासणीच्या समितीवर एखादी सरकारी किंवा शैक्षणिक संस्था.

आता अर्जाचा गाभा, म्हणजे वस्तूचं वर्णन. बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात, कारण वर्णन कारागिराजवळ बसून न लिहिता कचेरीत बसून लिहिलं जातं. ‘उत्कृष्ट दर्जाची, टिकाऊ, आकर्षक हस्तनिर्मित चप्पल’ असं लिहिलं तर तपासणाऱ्याने तपासायचं काय? वर्णनातलं प्रत्येक वाक्य असं हवं की त्रयस्थ माणूस वस्तू हातात घेऊन ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल.

कोल्हापुरीत ते कसं करता येतं, पाहा. तळ, टाच, पट्टा, दोन बाजूंचे कान, अंगठा, वर वेणी, कधी गोंडा. जोडणी चामड्याच्याच वादीने, पारंपरिक पद्धतीत खिळा नाही. कापायला-तासायला रापी, भोकं पाडायला आरी. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. यातली ‘खिळा नाही’ ही अट साध्या लोहचुंबकाने तपासता येते. ‘वादीची शिवण’ डोळ्यांनी दिसते. उरतं चामडं, आणि फसवणूक सगळ्यात जास्त तिथेच होते. सालीत चामडं कमवायला आठवडे जातात, क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, ते एक-दोन दिवसांत होतं. वरून रंग दिला की दोन्ही सारखी दिसतात.

यासाठी घरच्या घरी करण्याजोगी चाचणी आहे. बोटभर रुंद, दोन इंच लांब पट्टी कापा. कापलेली कड आधी उजेडात पाहा: आतला भाग निळसर-राखाडी दिसला तर क्रोम आहे, आरपार तपकिरी असेल तर साल असण्याची शक्यता जास्त. मग पट्टीची लांबी कागदावर आखून घ्या आणि ती खळखळ उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवा. सालीत कमावलेलं चामडं आखडतं, वळतं आणि कडक होतं. क्रोमचं जवळपास तसंच राहतं. एक सावधगिरी घ्या. काही माल आधी क्रोममध्ये आणि मग सालीत काढलेला असतो. त्याची कड बाहेरून तपकिरी आणि मधोमध राखाडी दिसते, आणि तो उकळत्या पाण्यातही तग धरतो. वाद झाला तर नमुना चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत पाठवावा. पण बहुतेक जोड्यांचा निकाल पातेल्यातच लागतो.

तुमची वस्तू घोंगडी असो, मडकं असो की लाकडी खेळणं, अशा पाच-सहा चाचण्या तिच्यासाठी शोधता आल्या पाहिजेत. त्या सापडत नसतील तर तिचं वेगळेपण अजून तुम्हालाच नीट कळलेलं नाही, असं समजा आणि अर्जाची घाई करू नका.

वर्णन किती कडक ठेवायचं यावर भांडणं होतात, आणि ती अर्जाआधी झालेली बरी. व्यापारी म्हणतात, यंत्राची शिवण चालू द्या. म्हातारे कारागीर म्हणतात, घरी कमावलेलंच चामडं हवं. दोन्ही टोकं घातक. अट सैल ठेवली तर कारखान्याचा माल कायदेशीररीत्या ‘अस्सल’ होतो. अट इतकी कडक ठेवली की आज गावात दोनच घरं ती पाळतात, तर उरलेली अठ्ठावन्न घरं स्वतःच्याच नावाला मुकतात. सुरक्षित मार्ग असा: आज निम्म्याहून जास्त घरं प्रत्यक्षात जे करतात ते किमान मानक, आणि जुनी संपूर्ण पद्धत पाळणाऱ्यांसाठी लेबलवर वेगळी वरची श्रेणी. कच्च्या मालाचा विचारही इथेच करा. महाराष्ट्रात 2015 मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून चपलांसाठी म्हशीच्या कातड्याचं महत्त्व वाढलं. वर्णनात कातड्याचा एकच प्रकार लिहून ठेवला असेल आणि उद्या कायदा बदलला, तर मानांकन हातात असून माल करता येत नाही.

हद्द आखताना जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रेषेवर विसंबू नका. कोल्हापुरीचे कारागीर निपाणीत आणि अथणीतही आहेत. म्हणून दोन राज्यांचा एकत्र अर्ज हा शहाणपणा होता, मराठी अस्मितेला तो जरा टोचला तरी. रसगुल्ल्याचं उलटं झालं: बंगालला 2017 मध्ये आणि ओडिशाला 2019 मध्ये वेगवेगळं मानांकन मिळालं आणि मधली वर्षं भांडणात गेली. शेजारच्या तालुक्यातली घरं वगळली तर विरोधाचा अर्ज हमखास येतो. त्यासाठी कायद्याने अर्जाच्या जाहिरातीनंतर तीन महिने, आणि मागितल्यास आणखी एक महिना दिलेला आहे.

इतिहासाच्या पुराव्यात ‘शेकडो वर्षांची परंपरा’ या वाक्याला शून्य किंमत आहे. कोल्हापूर संस्थानाचं गॅझेटियर 1886 मध्ये छापलं गेलं. प्रत्येक जिल्ह्याचं असं गॅझेटियर असतं, त्यातलं उद्योगधंद्यांचं प्रकरण आधी वाचा. मग दप्तरखान्यातले मोडी कागद, बलुत्याच्या नोंदी, बाजाराच्या वसुलीच्या वह्या, जुन्या दुकानांची बिलं, संग्रहालयातल्या वस्तू, पाठीमागे तारीख असलेले फोटो. मोडी वाचणारा माणूस सुरुवातीलाच गाठा. शेवटी शोधलात तर अर्ज वर्षभर अडतो. आणि कोल्हापुरीचा इतिहास लिहायचा तर राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला दिलेल्या उत्तेजनाइतकंच, कातडं कमावणाऱ्या ढोर आणि चपला शिवणाऱ्या चर्मकार समाजाचं नावही स्वच्छ लिहावं लागतं. ओळख मिरवायची आणि ती ज्यांनी घडवली त्यांची जात दडपायची, ही आपली जुनी खोड आहे.

पुढची प्रक्रिया सरळ आहे. अर्ज चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात, सोबत वर्णन, प्रमाणित नकाशा, प्रतिज्ञापत्र, उत्पादकांची यादी आणि तपासणीची व्यवस्था. छाननी, तज्ज्ञ गटासमोर सादरीकरण, त्रुटींची उत्तरं, कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी (हीच जाहिरात), विरोधाची मुदत, मग नोंदणी. फी वेळोवेळी बदलते, भरण्याच्या दिवशीची पाहा. एक खाच मात्र वहीत लिहून ठेवा: नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, प्रमाणपत्र हातात पडल्यापासून नाही. प्रमाणपत्राला तीन वर्षं लागली तर हातात सातच उरतात.

प्रमाणपत्र मिळालं की सत्कार होतो, फोटो छापून येतो आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबतं. वास्तविक खरं काम त्यानंतरचं. नुसत्या नोंदणीने कारागिराला काहीच मिळत नाही. त्याची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद व्हावी लागते. नक्कल करणाऱ्यावर दावा लावण्याचा हक्क मालक संस्थेला आणि या वापरकर्त्यांना आहे, इतरांना नाही. 2020 च्या सुधारित नियमांनी ही फी पाचशेवरून दहा रुपयांवर आणली, त्यामुळे पैशाची सबब उरलेली नाही. अडतं ते कागदावर: आधारवर नाव एक, बँकेत दुसरं, पत्ता जुना. साठ घरांसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्या, झेरॉक्स आणि फोटोची सोय जागेवरच ठेवा, आणि प्रत्येक अर्जाची एक प्रत संस्थेकडे राहू द्या.

या यादीत दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे फक्त कर्त्या पुरुषाचं नाव घातलं जातं. कोल्हापुरीत वेणी विणायचं आणि शिवणीचं बरंच काम बायका करतात. घरात करणारे हात चार आणि यादीत नाव एक, तर तो गेल्यावर हक्कही गेला. घरातल्या प्रत्येक काम करणाऱ्याची वेगळी नोंद करा. दुसरी चूक जास्त महाग पडते. कायद्यातल्या ‘उत्पादक’ या शब्दात हस्तकलेच्या बाबतीत ती वस्तू विकणारा व्यापारीही येतो. व्यापाऱ्यांनी आधी नोंदणी केली आणि कारागीर मागे राहिले, तर लेबल व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर आणि कारागीर पुन्हा ठोक भावात. म्हणून कारागिरांची यादी आधी पूर्ण करा.

भाव किती हाच ओळख टिकण्याचा कणा आहे, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. समजा, एका जोडीला सामान साडेचारशेचं, काम नऊ तासांचं आणि व्यापारी देतो सातशे. हातात राहिले अडीचशे, म्हणजे तासाला अठ्ठावीस रुपयेही नाहीत. जीआयच्या लेबलने दुकानातली किंमत बाराशेवरून अठराशे झाली आणि कारागिराचे सातशे सातशेच राहिले, तर त्याच्या मुलाने हातात रापी का धरावी? बांधकामावर याहून जास्त मिळतं. म्हणून लेबल देताना संस्थेने खरेदीचा किमान दर ठरवायला हवा, आणि लेबल मोजून द्यायला हवीत: प्रत्येक कारागिराला त्याच्या महिन्याच्या क्षमतेइतकी, अनुक्रमांकासह. महिन्याला चाळीस जोड्या करणाऱ्या घराने चारशे लेबल मागितली तर बाहेरचा माल आत येतोय हे समजायला ऑडिटर लागत नाही.

बाजारातली नक्कल पकडताना आरडाओरडा नको, पुरावा हवा. सोलापुरी चादरीला मानांकन मिळून किती वर्षं झाली, तरी दुसरीकडे विणलेल्या चादरी त्याच नावाने विकल्या जातातच. ऑनलाइन दुकानात ‘कोल्हापुरी’ नावाने रेक्झिनची चप्पल दिसली तर पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, ती एकदा विकत घ्या, बिल आणि खोकं जपा, कड आणि तळ यांचे फोटो काढा. मग मालक संस्थेच्या किंवा वापरकर्त्याच्या नावाने, नोंदणी क्रमांकासह तक्रार करा. चाहत्याने केलेली तक्रार कंपन्या सहसा बाजूला टाकतात, हक्कदाराची टाकता येत नाही. खोटं मानांकन लावण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. नोटिशीत हे एकच वाक्य लिहिलं तरी बरेच विक्रेते नाव काढून टाकतात.

मोठा ब्रँड दारात आला तर? पहिली गोष्ट: जीआयचा परवाना देता येत नाही, विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. त्यामुळे ‘आम्हाला नाव वापरायची परवानगी द्या, आम्ही आमच्या कारखान्यात करू’ या मागणीला उत्तर एकच: माल हद्दीतला आणि वापरकर्त्याने केलेला असेल तरच नाव. करारात मागाव्यात त्या गोष्टी अशा: उत्पादनावर आणि जाहिरातीत जागेचं नाव, जोडीमागे ठरलेला दर, निम्मी रक्कम आगाऊ, पारंपरिक आकारावर किंवा नावावर ब्रँडने ट्रेडमार्क वा डिझाइन नोंदवू नये, आणि नाकारलेल्या मालाचं काय करायचं. शेवटचं कलम नसलं तर सगळं नुकसान कारागिराच्या डोक्यावर. हाताच्या कामात डाव्या-उजव्या पायात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, सालीचं चामडं उन्हात गडद होतं, आणि पावसाळ्यात बांधलेल्या खोक्यात बुरशी धरते. चालणारा फरक किती, ते आधीच नमुन्याची जोडी सीलबंद ठेवून ठरवा. जुलै-ऑगस्टची पाठवणी शक्यतो घेऊच नका.

युरोपसाठी एक तांत्रिक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तिथे चामड्यात क्रोमियम-6 किलोला 3 मिलिग्रॅमच्या आत लागतं. सालीत कमावलेल्या चामड्यात क्रोमियम वापरलेलंच नसतं, म्हणजे जुनी पद्धत नव्या नियमात आपोआप बसते. खर्च वाचवायला अस्तरात किंवा टाचेत बाहेरचं क्रोमचं चामडं घातलं की तोच माल बंदरावर अडकू शकतो. शिवाय 1 डिसेंबर 2025 पासून युरोपीय संघात हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन मिळू लागलं आहे, आणि बाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही तिथे अर्ज करता येतो. भारतातली नोंदणी तिथे आपोआप लागू होत नाही, म्हणून हे वेगळं करावंच लागेल. मोर्बिए नावाच्या फ्रेंच चीजच्या मधोमध काळी रेघ असते. नाव न वापरता ती रेघ उचलण्यानेही ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असं युरोपच्या न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केलं. ते खाद्यपदार्थाच्या नियमांखालचं प्रकरण आहे, पण आकाराची चोरी रोखण्याची फट कुठे आहे याचा अंदाज त्यातून येतो.

आता ‘देशाची ओळख’ या मोठ्या शब्दांकडे. ओळख भाषणात टिकत नाही, ती कामाच्या शब्दांत टिकते. कापशी, पायताण, बक्कलनाळी ही चपलांच्या प्रकारांची नावं आज किती कोल्हापूरकरांना ओळखून सांगता येतील? वस्तू राहिली आणि शब्द गेले तर ती दुकानात ‘एथनिक फुटवेअर’ होते, आणि मग ती कुठेही बनवता येते. म्हणून अर्जासोबत समांतर काम म्हणून शब्दसंग्रह करा: प्रत्येक हत्यार, प्रत्येक भाग, प्रत्येक कृती, कारागिराच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा, पुस्तकी पर्याय नंतर. चित्रीकरण करताना कॅमेरा तोंडावर नको, हातावर ठेवा. कारागिराच्या खांद्यावरून, त्याला दिसतं तसं. एक कृती न थांबवता तीनदा करवून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, मागे संगीत घालू नका, कारण आरी चामड्यात शिरतानाचा आवाजही शिकणाऱ्याला उपयोगी असतो. कातडं कमावण्याचं चित्रीकरण एकाच दिवसात उरकता येत नाही. चुन्याच्या खड्ड्यापासून सुकवण्यापर्यंत सहा-सात फेऱ्या धरा. आणि कारागिराची लेखी संमती घ्या, त्यात कुठल्या पायऱ्या जगाला दाखवायच्या नाहीत ते त्याला ठरवू द्या.

तुमच्या साठ घरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा कॅमेराही नेऊ नका आणि अर्जाचा नमुनाही. शंभर पानी वही न्या. घरटी एक पान: काम करणारे किती, वयं काय, सामान कुठून येतं, महिन्याला किती नग, कुणाला विकता, काय भावाने, आणि घरातलं कुणी शिकतंय का. सगळ्यात धाकटा कारागीर पन्नाशीच्या पुढचा निघाला, तर जीआयचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी दोन शिकाऊ मुलांच्या विद्यावेतनाचे पैसे उभे करा.